दप्तर आणि दफ्तर

जबलपूरच्या मराठी घरातल्या मुलाला एक गंमत फार लवकर कळते. घरी आई म्हणते, दप्तर भर. शाळेत गेलं की त्याच पिशवीचा बस्ता होतो. आणि दफ्तर म्हणजे जिथे बाबा सकाळी जातात ते. पुढे नागपूरच्या एखाद्या लग्नघरी ‘बस्ता बांधायला’ निघालेल्या बायका दिसल्या की गोंधळ पुरा होतो. दफ्तर हा फारसीतून आलेला एकच शब्द. हिंदीने त्याची इमारत केली, मराठीने तो पाठीवर घेतला.

मराठीला हे उगाच सुचलं नसावं. पेशवाईत दफ्तर म्हणजे कागद. ते रुमालात बांधलेले असत, आणि मोहीम निघाली की कारकुनांचा फडही तिच्याबरोबर निघे. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये जबलपूर घेतलं, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे आलं. त्यानंतरच्या कंपनी सरकारातही साहेब तंबूतून कारभार पाहत. ठगांच्या बंदोबस्तामुळे गाजलेला स्लीमन नोव्हेंबर १८३५ मध्ये जबलपूरहून हिमालयाकडे निघाला आणि त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८४४ मध्ये निघालं. दहा ते पाच एका खुर्चीला खिळलेली कचेरी त्यामानाने कालची म्हणायची.

हे सगळं आठवलं ते भाच्यामुळे. तो पुण्याच्या एका कंपनीत आहे. २०२० पासून आमच्याच घरातून काम करतो आणि महिन्यातून दोन दिवस पुण्याला जाऊन येतो. तिथे आता कुणाचं ठरलेलं टेबल नाही. आदल्या रात्री मोबाइलवर जागा धरायची. मागच्या खेपेला त्याला खांबाआडची मिळाली. परत आला तो म्हणाला, “मामा, सोळा-सतरा तास रेल्वेत घालवून गेलो, आणि तिथेही दिवसभर कानात इअरफोन घालून कॉलवरच बसलो. शेजारचाही कॉलवर.”

मराठीत ‘जागा’ म्हणजे बसायचं ठिकाण आणि नोकरीतलं पदही. जागा निघते, जागा भरते, जागा जाते. रोज नवं टेबल शोधणाऱ्याच्या मनात नोकरीचीही धाकधूक का असते, हे कळायला भाषेचा कान पुरेसा आहे. कंपनीच्या नकाशावर मात्र न ठरलेलं टेबल म्हणजे फक्त वाचवलेले चौरस फूट.

घर आणि कचेरी एकत्र कशी नांदवायची, या प्रश्नाचं आमच्या नेपियर टाउनच्या घरात एक जुनं उत्तर होतं, आणि ते आम्हीच पाडलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय जबलपुरात आलं, आणि त्याच्यामागोमाग वकील असलेले आजोबा नागपूर सोडून इथे आले. त्यांची कचेरी म्हणजे घराची ओसरी. तिला दोन दारं: एक रस्त्याकडे, एक माजघरात. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर पक्षकार रस्त्याच्या दाराने येऊन बाकावर बसत. तोवर माजघराचं दार बंद. आजी चहाचे कप त्याच्या फटीतून सरकवायची. दहा वाजले की मुन्शी सायकलच्या कॅरियरला लाल कापडातला बस्ता बांधून कोर्टाकडे पुढे निघे.

कोर्टात आजोबा उभे राहून बोलत ते फार तर अर्धा तास. बाकीचा दिवस बार रूममध्ये. कायद्याची पुस्तकं सगळी घरी होती. कुठल्या न्यायमूर्तींपुढे कुठला मुद्दा आधी काढायचा हे पुस्तकांत नसतं. ते दुसऱ्याच्या तोंडून, चहा थंड होताना कळतं. एकट्याचं काम ओसरीत आणि चारचौघांचं काम कोर्टात, अशी वाटणी त्यांना कुठल्या सल्लागाराने करून दिली नव्हती. आज ज्याला हायब्रिड म्हणतात ते वकिलांनी पिढ्यानपिढ्या केलं आहे.

आता सुनावण्याही पडद्यावर होतात. एका तारखेसाठी इंदूरहून ओव्हरनाइट एक्सप्रेसने येणाऱ्यांची रात्र वाचली, हा फायदा लहान नाही. पण पडद्यावर बार रूम नसते. नव्या वकिलाची तारीख संपली की खिडकी बंद.

म्हणून घरून काम करणाऱ्यांसाठी कचेरी बांधायची तर टेबलांपेक्षा बार रूमचा विचार आधी करावा. भिंती पाडल्या म्हणजे माणसं बोलतात, हा भ्रम तर पुसूनच टाकावा. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांत मोजून पाहिलं, तर मोकळ्या दालनात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं. झाकायला दार नाही म्हणून लोकांनी कान झाकले. माझा भाचा वेगळं काय करत होता?

सभाकक्षातलं लांबोळकं टेबल आणि टोकाच्या भिंतीवरचा टीव्ही हीही तशीच खोड. दूरचा माणूस हार घातलेल्या फोटोसारखा वर टांगलेला, आणि त्याला दिसतात फक्त एका बाजूचे कान. टेबल पडद्याकडे रुंद होत जाणारं हवं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, माइक प्रत्येकापुढे. फोनवर बोलायला बंद होणाऱ्या छोट्या खोल्या हव्यात. आणि जो संघ ज्या दिवशी येणार, त्याला त्या दिवशी एकत्र बसवणारा एक ठरलेला कोपरा हवा. त्याला मी बैठक म्हणेन. मराठीत हा शब्द माणसांनाही लागतो आणि गादीलाही.

घराचं काय? ‘हॉल मोठा दिसेल’ म्हणून आम्ही १९९८ मध्ये माजघराचं दार चौकटीसकट काढलं. गेली काही वर्षं भाच्याच्या मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या हजेरी लावत होत्या आणि त्याची आई स्वतःच्या घरात दबक्या पावलांनी वावरत होती. गेल्या दिवाळीआधी सुताराला बोलावून तिथे पुन्हा दार बसवलं. लाकूड आणि मजुरी धरून खर्च त्याच्या पुण्याच्या एका फेरीपेक्षा कमी आला.