पुसण्यासाठी काढलेली रेघ

राजाजीनगर हे बेंगळुरूच्या पश्चिमेकडचे आखून वसवलेले उपनगर. 1945 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाने त्याची मांडणी केली आणि भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांचे नाव त्याला मिळाले. इथले पत्ते ब्लॉक, मेन आणि क्रॉस यांतच सांगितले जातात. उभ्या-आडव्या रस्त्यांनी जमिनीचे चौकोन पाडले, चौकोनांचे प्लॉट झाले, प्लॉटना नंबर पडले. या सरकारी भूमितीच्या कडेला, फाटकासमोर सडा टाकलेल्या हातभर जागेत, रोज सकाळी दुसरी एक भूमिती उमटते. कन्नड घरात तिला चुक्की रंगोली म्हणतात, मराठी घरात ठिपक्यांची रांगोळी. पहिली भूमिती नकाशात नोंदली गेली, खरेदीखतात उतरली, कायम झाली. दुसरी दुपारपर्यंत स्कूटरच्या चाकांखाली जाते, आणि काढणारीला ते आधीच ठाऊक असते. मग जी आकृती पुसली जाणार हे ठरलेलेच आहे, ती इतक्या नेमकेपणाने काढण्याला काय म्हणायचे? सजावट, खेळ, की पूजा? माझे उत्तर असे की ती खेळ आहे, आणि खेळ आहे म्हणूनच ती पूजा आहे.

आधी तिच्या नेमकेपणाकडे पाहू. रांगोळीच्या पुस्तकात आकृतीखाली ‘15 ते 8 ठिपके’ असे लिहिलेले असते. मधली ओळ 15 ठिपक्यांची, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत 8 पर्यंत यायचे, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध टाकायचा. एकूण 169 ठिपक्यांचा षट्‌कोन तयार होतो. एक ठिपका बोटभर सरकला तरी पुढची पाकळी वाकडी येते. चिमटीतून पीठ सोडणाऱ्या हाताला खोडरबर नसतो. या परंपरेत केवढे गणित आहे, हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी 1974 साली दाखवले. कोलमच्या, म्हणजे तमिळ रांगोळीच्या, आकृत्या मोजक्या नियमांच्या व्याकरणात मांडता येतात आणि त्याच नियमांतून नव्या आकृत्या निघत राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नियम थोडे आणि शक्यता अमाप, हे प्रत्येक चांगल्या खेळाचे लक्षण आहे. पण खेळाचे आणखी एक लक्षण आहे: त्यातून बाहेर काही मिळवायचे नसते. रांगोळी विकता येत नाही, साठवता येत नाही, वारसाला देता येत नाही.

इथेच प्रश्न धर्माच्या अंगणात येतो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक कठीण आक्षेप घेतला आहे. प्रयोजनाशिवाय कोणी काही करत नाही. ब्रह्माला तर कशाचीच उणीव नाही. मग ते सृष्टी कशाला निर्माण करील? सूत्रकार उत्तर देतात की ही लीला आहे. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात: सर्व इच्छा पुरलेला राजाही क्रीडा करतो, आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य हेतूवाचून आपोआप चालतो. हे उत्तर खरे मानले तर त्यातून एक गोष्ट ओघानेच निघते. निर्मितीचे मूळच जर गरजेपलीकडच्या आनंदात असेल, तर माणसाची जी कृती गरजेपलीकडे जाऊन नियमाने आणि आनंदाने घडते, ती त्या मुळाच्या सर्वांत जवळ असणार. नवस आणि प्रार्थना मागणीपासून सुरू होतात. रांगोळी मागणीपासून सुरू होण्याची गरजच नाही.

यावर कोणी म्हणेल, हा वेदान्त रांगोळीवर ओढूनताणून लादलेला आहे. धर्माला टिकाऊपणा प्रिय असतो. राजाजीनगरातच पाहा, कॉर्ड रोडजवळच्या टेकडीवर 1997 साली इस्कॉनचे भव्य मंदिर उभे राहिले. श्रीयंत्र तर तांब्यावर कोरून पिढ्यान्‌पिढ्या पूजतात. त्यातले नऊ त्रिकोण एकमेकांत गुंफून होणारे 43 लहान त्रिकोण पुसायचे नसतात. हे खरे आहे. पण आपल्या धर्मातली भूमितीची सर्वांत जुनी शिस्त दुसऱ्या दिशेने बोलते. शुल्बसूत्रांनी दोऱ्या आणि खुंट्या घेऊन वेदींची मापे ठरवली. कर्णाचा नियम बौधायनाने त्यासाठीच मांडला. 1975 च्या एप्रिलमध्ये केरळातल्या पांजाळ गावी नंबूदिरी ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले आणि अभ्यासक फ्रिट्स स्टाल यांनी त्याचे सविस्तर दस्तऐवजीकरण केले. पक्ष्याच्या आकाराची चिती, विटांचे पाच थर, प्रत्येक विटेची जागा ठरलेली. बाराव्या दिवशी विधी संपला आणि यज्ञमंडप अग्नीच्या स्वाधीन केला गेला. काटेकोरपणा आणि त्याग यांची ही जोडी आपल्या परंपरेत मुळापासून आहे. उंबऱ्यासमोरच्या स्त्रीने ती मंत्राविना आणि पुरोहिताविना चालू ठेवली.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. रांगोळी निर्हेतुक कुठे असते? लक्ष्मी यावी म्हणून दारात पावले काढतात, चातुर्मासात व्रत म्हणून गोपद्मे काढतात, चैत्रात गौरीसाठी चैत्रांगण काढतात. फळाची आशा नाकारण्याचे कारण नाही. पण ती आशा पुरी व्हायला चार रेघा पुरतात. शकुनाला 169 ठिपके लागत नाहीत. शेजारच्या दारापेक्षा वेगळी वेल, कालच्यापेक्षा वेगळा रंग, धनुर्मासातल्या थंड पहाटे रस्त्याच्या मध्यापर्यंत वाढत गेलेली आकृती, हे सगळे फळाच्या हिशेबात बसत नाही. व्रताने जेवढे मागितले त्याच्या वर जे उरते, त्याविषयी मी बोलतो आहे. ते उरलेले हीच लीला.

तिसरा आक्षेप चित्रकलेतून येतो: भूमिती थंड असते, तिच्यात भावना कुठली? चित्रकार पीट मोंड्रियान थिऑसफीचा अभ्यासक होता आणि नंतरच्या काळात सरळ रेघा व मूळ रंग यांवर त्याने भर दिला. त्याने 1942-43 मध्ये न्यूयॉर्कच्या चौकटी रस्त्यांवरून ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ रंगवले. ते पिवळ्या, लाल आणि निळ्या चौकोनांचे नाचरे, आनंदी चित्र आहे. आखीव शहराच्या सांगाड्यातूनही उल्हास व्यक्त होतो, याचा तो पुरावा आहे. रांगोळीची भावना तर आणखी खोल आहे, कारण ती आकृतीत जितकी असते तितकीच आकृती नसण्यातही असते. सुतक असेल तर दारात रांगोळी नसते. श्राद्धाच्या दिवशी नसते. सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला दार ठोठावण्याआधीच कळते की या घरात काहीतरी घडले आहे. एका रेघेच्या अभावाने दुःख सांगणारी भाषा थंड कशी म्हणावी?

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र तत्त्वज्ञानाचा नाही, श्रमाचा आहे. हा ‘खेळ’ पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या वाट्यालाच आला. पहाटे उठून झाडणे, सडा घालणे, वाकून ठिपके मांडणे हे तिच्या कामांच्या यादीत धरले गेले. कोणी काढली नाही तर बोलणी तिलाच बसली. सक्तीचा खेळ हा खेळ राहत नाही, आणि माझ्याच युक्तिवादाने तो पूजाही राहत नाही. म्हणून जिला रांगोळी नको आहे तिने ती सोडावी, हे मी तिच्या बाजूने म्हणतो. पण उपाय म्हणून फरशीवर चिकटवलेला प्लास्टिकचा स्टिकर मला पटत नाही. त्याने शकुनाची खूण टिकते आणि कृती संपते. वर्षभर न पुसली जाणारी रांगोळी रोज काहीच देत नाही. खरा उपाय साधा आहे: घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी चिमटीत पीठ धरायला शिकावे.

हा शहराचाही प्रश्न आहे. राजाजीनगरातली जुनी बैठी घरे जाऊन तिथे खालची सगळी जागा गाड्यांना दिलेल्या इमारती उभ्या राहतात, आणि दारासमोरची हातभर जमीन आधी जाते. नकाशात त्या तुकड्याला किंमत नाही, कारण तिथे मालकीचे काही घडत नाही. पण मालकी न सांगता आपल्या रस्त्याशी रोज नाते जोडण्याची ती एकच जागा असते. आखणी करणाऱ्यांनी गाडीची जागा फुटांत मोजून राखली, तशी प्रत्येक दारासमोरची ही जागाही राखावी. ज्या शहरात विनाकारण आणि तरीही नेमकेपणाने काही करायला जागा उरत नाही, त्या शहरात मंदिरे कितीही बांधली तरी पूजेची एक मूळ वाट बंद झालेली असते.