आकडा आणि नाव

गेल्या दिवाळीला पुतण्या करडीस घरी आला होता. नागपुरास तो संगणकाच्या कामावर आहे. रात्री ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याचे काम चालले होते. मी सहज डोकावलो. एका ओळीत 86400 हा आकडा होता. तो त्याने पुसला आणि त्या जागी इंग्रजीत दोन-तीन शब्द लिहिले. अर्थ विचारला तर म्हणाला, "दिवसाचे सेकंद."

"काहून बाबू, आकडा चुकला होता का?"

"नाही काकाजी, आकडा बरोबरच होता. 24 तास, तासाची 60 मिनिटं, मिनिटाचे 60 सेकंद. गुणून पाहा, 86400च येते. तो आकडा मी वर एका जागी लिहून ठेवला, आणि बाकी सगळीकडे त्याचं नाव घेतो."

"मग यंत्राला नाव जास्त कळते म्हणायचे?"

"यंत्राला दोन्ही सारखंच. त्याला शेवटी आकडाच लागतो. पण उद्या माझ्या जागी दुसरा पोरगा येईल. हा आकडा कशाचा, हे त्याले कोण सांगेल? नाव त्याच्यासाठी आहे."

हे उत्तर ऐकून मी विचारात पडलो. ज्याला आपण ओळखत नाही, जो अजून आलेलाही नाही, त्याला अडचण पडू नये म्हणून दोन शब्द लिहिणे, हा परोपकारच नव्हे काय? वाटेवरचा खड्डा आपण ओलांडून गेलो तरी मागच्यासाठी त्यावर खूण ठेवावी, तसेच हे.

ही युक्ती आजची आहे असेही नाही. आपले जुने ज्योतिषी श्लोकात आकडे घालताना चंद्र म्हणजे 1, नेत्र म्हणजे 2, अग्नी म्हणजे 3, वेद म्हणजे 4, बाण म्हणजे 5 असे शब्द योजीत. वाचायचे मात्र उजवीकडून डावीकडे. 'वेद-बाण' म्हटले की 54 समजायचे. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनीही ही रीत वापरली आहे. तिच्यात शहाणपण होते. नुसता अंक नकलताना चुकला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, पण श्लोकातला शब्द बदलला तर वृत्त मोडते आणि कान लगेच सांगतो. शिवाय शब्द पाठ होतो. आकड्यांची रांग पाठ होत नाही.

जगभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्याचेही तेच. तेथे प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. जुन्या पद्धतीत चार आकडे, प्रत्येक 0 ते 255 यांमधला. कोण लक्षात ठेवणार? आधी सगळ्या यंत्रांच्या नावांची एकच यादी एका संस्थेत ठेवीत. यंत्रे वाढली, यादी पुरेना. तेव्हा 1983 साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन गृहस्थाने नावावरून आकडा शोधून देणारी नवी व्यवस्था रचली. ती आजही चालू आहे. आपण नाव लिहितो आणि आकडा पडद्याआड राहून काम करतो.

तर मग नाव चांगले आणि आकडा वाईट, असे म्हणून मोकळे व्हावे का? इतके सोपे नाही. पुतण्याने पुढे जे सांगितले ते ऐका. त्यांच्याकडे कोणीतरी घाईत 'दिवसाचे सेकंद' या नावापुढचा आकडा बदलून निम्मा केला, आणि नाव तसेच ठेवले. पुढे येणारा प्रत्येक जण नावावर विश्वास ठेवून फसला. नुसता आकडा असता तर माणसाने निदान शंका घेतली असती. नाव होते म्हणून कोणी विचारलेच नाही. तात्पर्य, खोटे नाव हे मुक्या आकड्यापेक्षा वाईट. आकडा गप्प राहतो. खोटे नाव चुकीची वाट दाखवते.

आता आपल्या बांधीतले पाहू. आमचा मुलूख धानाचा. बियाण्याच्या थैलीवर एमटीयू 7029 असे असते. आंध्रातल्या मारुतेरूच्या संशोधन केंद्राचा तो क्रमांक. रोवणीला आलेल्या बाईला तो विचारा, ती हसेल. 'स्वर्णा' म्हणा, लगेच ओळखेल. आणि 'एचएमटी' धान कोणाला ठाऊक नाही? त्याची कथा मनाला लागणारी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. थोड्याशा जमिनीचा, फारसे न शिकलेला हा शेतकरी. त्याने त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे पेरून निवडल्या आणि बारीक, चवदार तांदळाचे वाण तयार केले. बाजारात नेले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटीची घड्याळे लोकप्रिय होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव दिले. ते घरोघरी गेले. पण ते घड्याळाचे नाव, माणसाचे नव्हे. 2018 साली दादाजी वारले. तोवर किती जणांनी हा भात खाल्ला असेल, आणि त्यांतल्या किती जणांना करणारा ठाऊक होता? म्हणजे नाव तोंडात बसले एवढ्याने भागत नाही. त्या नावाने कोणाची आठवण राहिली आणि कोण झाकला गेला, हेही पाहावे लागते.

आकड्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आपल्या समाजात नावाबरोबर आडनाव येते, आडनावाबरोबर जात येते, आणि मग कोणाला आत घ्यायचे, कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे हे ठरते. चोखोबांसारख्या संताला हे सोसावे लागले. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आकड्याला जात नसते. परीक्षेच्या कागदावर नाव न घालता क्रमांक घालतात तो याचसाठी. माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी अधिक. क्रमांकामुळेच प्रत्येकीची जागा ठरलेली राहते. कोणी कोणाला रेटत नाही.

माझीच चूक सांगतो. एका सप्ताहात पंगतीची व्यवस्था माझ्याकडे होती. पूर्वी नावे पुकारीत, आणि मानकऱ्यांची नावे नेहमी आधी येत. ते मोडावे म्हणून मी चिठ्ठ्या वाटल्या. ज्याचा क्रमांक आधी, तो आधी बसेल. सगळ्यांना ते रुचले. मलाही अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा वारकरी उन्हाने भोवळ येऊन मांडवात पडला. मी ओरडलो, "अरे, 14 नंबरला पाणी आणा!" पाणी आले. तो सावध झाला आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "बुवा, तीन दिवस तुमच्या हातचं जेवलो. माझं नाव नाही विचारलं."

मला मान वर करवेना. मी न्याय केला होता, पण ओळख केली नव्हती.

तेव्हापासून मी एवढे धरून चालतो. वाटायचे असेल तेथे आकडा, हाक मारायची असेल तेथे नाव. पंगतीला चिठ्ठी आजही आहे, ती मी मोडली नाही. पण चिठ्ठी देताना नाव विचारतो, आणि वाढताना त्या नावाने वाढतो. 108 मण्यांच्या माळेचेच पाहा ना. मोजण्याचे काम मणी करतात. पण मण्यांसाठी कोणी नाम घेत नाही, नामासाठी मणी ओढतो. मणी नसतील तर हिशेब चुकेल. नाम नसेल तर हाती नुसती लाकडे उरतील.

यंत्राला आकडा पुरतो. माणसाला पुरत नाही. म्हणून ज्याला हिशेब ठेवावा लागतो, मग तो संगणकावरचा मुलगा असो, रेशनवाला असो की दिंडीचा विणेकरी, त्याने आकडा जरूर ठेवावा. पण त्या आकड्यापाशी एक नाव लिहावे, ते खरे लिहावे, आणि पुढे येणाऱ्याला कळेल असे लिहावे. त्या म्हाताऱ्याचे नाव मी त्याच दिवशी विचारून घेतले. अजून विसरलो नाही.

राम कृष्ण हरि.