पावसाळ्यातली चूल

भंडारा जिल्ह्यात कुणाच्याही स्वयंपाकघरात बसले की माझे लक्ष आधी चुलीच्या वैलाकडे जाते. मुख्य जाळावर भाताचा गंज, आणि उरलेली आच आतल्या वाटेने शेजारच्या वैलाखाली. तिथे वरण मुरते, नाहीतर पाणी तापते. लाकूड वाचवण्याची ही युक्ती घरोघरच्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुधारित चूल घेऊन येणाऱ्याने ती आधी नीट पाहावी.

वैल असला तरी मातीच्या चुलीत बरीचशी उष्णता वाया जाते. उघड्या तीन दगडांवर तर लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. जाळाखाली जाळी बसवून हवा खालून घेतली, जळणाची जागा आखडली आणि भांडे नेमक्या उंचीवर टेकवले, तर लाकूड पुष्कळ कमी लागते. पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता किमान 25 टक्के असावी, असे भारतीय मानक सांगते.

हे ज्ञान नवे नाही. 1980च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या धुराड्याच्या चुली घडवल्या. कार्यक्रम 2002 साली संपला. पण चूल बसवून काम संपत नाही: धुराडे काजळीने तुंबते, पाइप फुटतो, जाळी जळून जाते. तेव्हा दुरुस्तीला गावातच माणूस हवा. चुली किती वाटल्या याचे आकडे ठेवले गेले. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या किती पेटत होत्या, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोका किंवा नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांत सरपणाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते फुकट समजले जाते. त्यासाठी बाई जंगलात जाते, वाघ-बिबट्याच्या वाटेने मोळी घेऊन परतते. जळण कमी लागले तर तिच्या खेपा कमी होतात. धुराचे मात्र वेगळे आहे. धुराडे तो घराबाहेर काढते, नाहीसा करत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड तर डोळ्यांना दिसतही नाही. छातीला खरा आराम गॅसच देतो, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

2016च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरात आला, तरी चूल विझली नाही. लहान शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो धान विकल्यावर, हिवाळ्यात. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तो खते-मजुरीत गेलेला असतो, सिलिंडर भरायला उरत नाही. नेमके तेव्हाच लाकूड ओले असते. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई संध्याकाळी फुंकणी घेऊन ओल्या काड्यांपुढे बसते आणि अख्खे घर धुराने भरते.

म्हणून गॅसवरची सवलत वर्षभर सारखी वाटण्यापेक्षा आषाढ-श्रावणात वाढवावी, असे मला वाटते. आणि ज्या घरी चूल राहणारच आहे, तिथली नवी चूल प्रयोगशाळेत कोरड्या, सारख्या चिरलेल्या लाकडावर तपासून भागणार नाही. ती रोवणीच्या दिवसांत, त्याच घरात, त्या बाईच्या मोठ्या गंजाखाली आणि तिच्याकडच्या दमट काड्यांवर पेटवून पाहावी. चुलीच्या उबेत दुसऱ्या दिवसाचे जळण सुकेल एवढी जागा कडेला ठेवावी. चुलीचा साचा आणि सुट्या जाळ्या गावच्या बचत गटाकडे असाव्यात. वैल तर ठेवावाच.