हा आमच्या गावचा

महाराष्ट्रात विमुक्त जातीचा किंवा भटक्या जमातीचा दाखला काढायचा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून आपलं कुटुंब या राज्यात राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जमातींसाठी ही तारीख आणखी मागे जाते, ६ सप्टेंबर १९५०. ज्याच्या आजोबाचं नाव सातबाऱ्यावर आहे, ज्याचा बाप गावच्या शाळेत चौथीपर्यंत का होईना बसला, त्याचं काम शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर भागतं. पण ज्याच्या आजोबाला कुठल्याच गावानं चार दिवस टिकू दिलं नाही, त्यानं १९६१ चा रहिवास आणायचा कुठून?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकातला नाही. तळेगाव ढमढेरेहून न्हावऱ्याकडं निघा, पुढं भीमेच्या काठानं दौंडकडं जा किंवा घोड ओलांडून श्रीगोंद्यात उतरा. गायरानाच्या कडेला, ओढ्याच्या खाचरात, गावाच्या हद्दीवर पारध्यांची पालं दिसतात. फासे पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, राज पारधी विमुक्तांच्या यादीत. म्हणजे तहसील कचेरीत पोचलेल्या माणसाला आधी आपण नेमके कोणते पारधी हे पटवून द्यावं लागतं आणि मग आपण इथलेच, हेही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल नाही. घरकुल नाही म्हणून पत्ता नाही आणि पत्ता नाही म्हणून पुन्हा दाखला नाही.

हे आपोआप झालेलं नाही, कायद्यानं झालेलं आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्यानं सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवली गेली. बोटांचे ठसे घेतले गेले, चौकीवर हजेरी लागली, गाव सोडायचं तर पास काढावा लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि त्याच वर्षी भीक प्रतिबंधक कायदाही आला. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. प्राण्यांसाठी ते आवश्यकच होतं. मात्र फासे लावून तितर धरणाऱ्या माणसानं उद्यापासून काय करायचं, हे त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मला यातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. ज्या सरकारी यंत्रणेनं या लोकांची पिढ्यान्पिढ्या हजेरी घेतली, नावं लिहिली, ठसे ठेवले, तीच यंत्रणा आज त्यांना विचारते, तुम्ही इथले असल्याचा कागद कुठाय? कोण कुठं झोपतो हे पोलिसांना नेहमी माहीत होतं. दप्तरात या माणसांची नोंद होती, पण ती संशयित म्हणून. रहिवासी म्हणून त्यांची नोंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग आला. कोणत्याच आरक्षित यादीत नसलेल्या अडीचशेहून अधिक जमाती देशात आहेत, हे त्यातून पुढं आलं. जातवार संपूर्ण मोजणी १९३१ नंतर झालेली नाही, त्यामुळं या माणसांची संख्या आजही अंदाजानंच सांगितली जाते.

पालांवरचे लोक तरी गावाच्या नजरेला पडतात. कोळसाभट्टीवरचे कातकरी तेवढेही पडत नाहीत. रायगड-ठाण्याच्या डोंगरांतून पावसाळा संपल्यावर ही कुटुंबं उचल घेऊन निघतात आणि नदीकाठच्या वेड्या बाभळी तोडून कोळसा पाडतात. कुऱ्हाड, काटे, धूर आणि भट्टीशेजारचं खोपट. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी केंद्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू केली. योजना गावच्या वाडीवर पोचते तेव्हा माणसं भट्टीवर असतात. उचल फिटली की नाही, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही वाचता येणारं कुटुंबात कुणी नसतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तो लागू करायचा तर आधी कुणीतरी भट्टीवर जाऊन विचारायला हवं, की बाबांनो, तुम्हाला परत जायचं असेल तर जाता येतं का?

आपल्याकडचं कामाचं सगळं गणितच परगावच्या माणसांवर उभं आहे. ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून, खानदेशातून येतात. दौंडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार काहिलीपुढं उभे असतात. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांतली मुलं बिहार, ओडिशा, झारखंडची. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, त्या घरांची चूल आज या मुलांच्या खोलीभाड्यावर पेटते. हे उपकार नाहीत, व्यवहार आहे, पण व्यवहार करणाऱ्या माणसाचं नाव-गाव आपण विचारत नाही. विचारतो ते फक्त पोलीस व्हेरिफिकेशनच्या वेळी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रांजणगाव एमआयडीसीलगतच्या कारेगावातून २१ बांगलादेशी नागरिकांना पोलिसांनी पकडलं. काहींकडं इथली बनावट ओळखपत्रं सापडली. परवानगीशिवाय आलेल्याला कायद्यानं परत पाठवण्याचा अधिकार देशाला आहे आणि तो मी नाकारत नाही. बनावट आधार कार्ड करून देणाऱ्या दलालाबद्दल मला काडीचीही दया नाही. पण राज्यघटनेचं २१ वं कलम जीविताचं रक्षण प्रत्येक माणसाला देतं, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. परत पाठवायचं तरी चौकशी करून, मारहाण न करता, लेकराला आईपासून न तोडता पाठवायचं. एवढं बंधन आपण आपल्यावर घालून घेतलेलं आहे.

घाईनं काय होतं तेही दिसलेलं आहे. मुर्शिदाबादचा एक गवंडी मीरा रोडला पकडला गेला आणि जून २०२५ मध्ये त्याला सीमेपलीकडं बांगलादेशात ढकलण्यात आलं. तो भारतीय असल्याचं पश्चिम बंगालमधून कळवल्यावर त्याला परत आणावं लागलं. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याची बोली सीमेपलीकडच्या बोलीसारखी होती.

आता आतल्या आणि बाहेरून आलेल्या बिनकागदी माणसांचे हे दोन प्रश्न एकमेकांना कुठं भिडतात ते पाहा. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला. मालेगाव, अकोला भागांत बांगलादेशींनी उशिराच्या नोंदी करून दाखले मिळवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं असे उशिराचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धत आणली. गैरप्रकार झाले असतील तर ते थांबायलाच हवेत. पण उशिरा नोंद कुणाची होते? दवाखान्यात जन्मलेल्या मुलाची होत नाही. पालात जन्मलेल्याची, उसाच्या फडात जन्मलेल्याची, कोळसाभट्टीवर जन्मलेल्याची होते. सीमेपलीकडून आलेल्याला अडवायला बंद केलेलं दार आधी आपल्याच कातकरी आईच्या आणि पारधी बापाच्या तोंडावर बंद होतं. बाहेरून आलेल्या बिनकागदी माणसाचा राग करणं आणि आतल्या बिनकागदी माणसाबद्दल कळवळा ठेवणं, असं दोन्ही एकदम जमत नाही. कागद तपासणाऱ्या खिडकीवर दोघं एकाच रांगेत उभे असतात.

आसामात नागरिक नोंदणीची अंतिम यादी निघाली तीही ३१ ऑगस्टलाच, २०१९ साली. एकोणीस लाखांहून अधिक माणसं तिच्याबाहेर राहिली. विमुक्त दिनाचीच तारीख असावी, हा योगायोग आहे. मला मात्र तो विसरता येत नाही.

संशयाचा शेवट कुठं होतो हे महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ते बांगलादेशी नव्हते. पिढ्यान्पिढ्या मराठी मुलखात फिरणारी, मराठी बोलणारी माणसं होती. त्या गर्दीत, थांबा, मी यांना ओळखतो, असं म्हणणारा एक जण असता तर कदाचित पाच जीव वाचले असते.

गावाची बाजूही ऐकली पाहिजे. विहिरीवरची मोटार जाते, रात्री केबल कापली जाते, एकट्या वस्तीवर दरोडा पडतो. शेतावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची भीती खोटी नाही आणि पालांवरचा कुणी कधीच चोरी करत नाही असं मी म्हणणार नाही. गावात घर असलेलेही चोरी करतात. फरक चोरीनंतर पडतो. गावातल्या एकानं चोरी केली तर त्या एकाला पकडतात. पालावरच्या एकावर संशय आला तर अख्खं पाल उठवतात, बाप्ये पळून जातात आणि बायका-पोरं मार खातात. तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. जन्मानं गुन्हेगार मानण्याची ही सवय तुरुंगाच्या नियमावल्यांतून काढून टाका आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ देऊ नका, असं त्यात सांगितलं आहे. १८७१ पासून मोजलं तर हे ऐकायला आपल्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसऱ्याच्या दारात आपण बिनकागदाचे ठरलो की मात्र आपल्याला सगळं लगेच उमगतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. तिघं महाराष्ट्रातले होते. हातापायांत बेड्या घालून आणलं म्हणून देश हळहळला, आणि ते योग्यच होतं. ती माणसं कायदा मोडून गेली होती हे ठाऊक असूनही आपल्याला त्यांच्या बेड्या सहन झाल्या नाहीत. जमीन विकून, दलालाला पैसे देऊन पोराला पाठवणाऱ्या घराची ओढ आपल्याला कळली. मग ती इतरांच्याही बाबतीत कळायला हरकत नसावी.

घरदार सुटण्याचं हे दुःख तळेगाव ढमढेरेनं स्वतः भोगलेलं आहे. नोव्हेंबर १७५१ मध्ये निजामाच्या बाजूनं बुसीच्या फ्रेंच पलटणी पुण्याच्या रोखानं निघाल्या, तेव्हा त्यांनी रांजणगाव लुटलं आणि तळेगाव ढमढेरे पार उद्ध्वस्त केलं. त्या थंडीत इथली माणसं कुठंतरी पालं ठोकूनच राहिली असणार. त्यांना जवळ करणाऱ्या शेजारच्या गावांनी त्यांच्याकडं काय पुरावा मागितला असेल? पाहुणचार या मातीला अपरिचित नाही. दर वर्षी तुकोबांची पालखी यवतला, वरवंडला मुक्कामी येते आणि लाखो अनोळखी माणसं दौंड तालुक्याच्या अंगणात झोपतात. वारकरी सकाळी पुढं निघतो, म्हणून ते सोपं जातं. जो निघत नाही, ज्याला इथंच राहायचं आहे, त्याला सामावून घेणं अवघड असतं.

भटक्या-विमुक्तांबद्दल मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही दोन्ही पुस्तकं साहित्य अकादमीचा मान मिळवून गेली. वाचून डोळे भरले. पण भरलेल्या डोळ्यांनी तहसीलदाराच्या टेबलावरचा अर्ज पुढं सरकत नाही. तो सरकतो साक्षीनं. कागद नसलेल्यांसाठी नियमांत वाट ठेवलेली आहे, अधिकाऱ्यानं वस्तीवर जाऊन चौकशी करायची आणि पंचांसमोर जबाब घ्यायचे. पंच म्हणजे तुम्ही-आम्हीच. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी, शेजारचा बागायतदार. या कुटुंबाला मी वीस वर्षं इथं पाहतो आहे, एवढं एक वाक्य आणि खाली सही. ही सही द्यायला गावातला जाणता माणूस कचरतो, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल म्हणून. माझ्या मते सहानुभूतीची खरी परीक्षा या सहीपाशी होते. ब्लँकेटं वाटणं तिच्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे.

म्हणून शिरूर-दौंडमधल्या प्रत्येक गावाला माझी विनंती आहे. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या हद्दीतल्या पालांची, खोपटांची, भट्ट्यांची यादी वाचून दाखवा. जे वर्षानुवर्षं इथं आहेत, त्यांच्या रहिवासाचा ठराव करा आणि त्याची प्रत त्या कुटुंबाच्या हातात द्या. आशाताईंना सांगून पालातल्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. तेवढ्या मुदतीत नोंदीला पैसे पडत नाहीत. शाळेत आलेल्या पोराला दाखला नाही म्हणून परत पाठवू नका, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तशी मनाईच आहे. आणि पंचनाम्यासाठी कुणी बोलावलं तर जा, आणि सही करा.