गवताची परतफेड

गेल्या शरदांत अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत आमचें कांहीं दिवस वास्तव्य होतें. तेव्हां लाफायेट शहराजवळचें प्रॉफेट्सटाऊन हें राज्य-उद्यान पाहण्याचा योग आला. वाबाश व टिपेकनू या नद्यांच्या संगमाजवळचें हें उद्यान २००४ सालीं लोकांस खुलें झालें. पायवाट नदीकांठच्या झाडींतून जाते आणि एकाएकीं माळावर निघते. माळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गुडघाभर कुसळी गवत येतें. येथें ब्लूस्टेम नांवाचें तांबूस गवत माणसाच्या डोक्यावरून जातें, आणि त्याचीं मुळेंही तशींच खोल असतात.

हा माळ मात्र मूळचा नव्हे. १८३७ सालीं जॉन डीअर यानें पोलादी नांगर घडविला, आणि असलीं चिवट कुरणें पुढें कांहीं दशकांतच मक्याचीं शेतें झालीं. आज दिसतें तें गवत माणसांनीं मुद्दाम पेरून आणलेलें. नुसतें पेरूनही भागत नाहीं. मधून मधून त्यास जाणूनबुजून आग लावावी लागते, नाहीं तर झाडेंझुडपें माजतात.

आगीचें नांव निघतांच आम्ही थबकलों. १८०८ सालीं या परिसरांत टेकम्सी व त्याचा बंधु टेन्स्क्वाटावा या शॉनी जमातीच्या पुरुषांनीं एक गांव वसविलें. मूळच्या रहिवाशांच्या सर्व जमातींनीं एकजुटीनें आपली भूमि राखावी, हा त्यांचा हेतु. ७ नोव्हेंबर १८११ रोजीं हॅरिसनच्या सैन्याशीं लढाई झाली. दुसऱ्या दिवशीं सैन्यानें तें ओस पडलेलें गांव धान्यासकट जाळलें. हॅरिसन पुढें त्याच कीर्तीवर राष्ट्राध्यक्ष झाला. शॉनींचे वंशज आज मुख्यत्वें दूरच्या ओक्लाहोमांत आहेत.

मग गवत परत आणल्यानें अन्यायाची अंशतः तरी फेड झाली काय? ज्या भूमिलोभानें गांव गेलें त्यानेंच माळही गेला, म्हणून हा प्रश्न अगदींच गैरलागू नव्हे. आम्हांस वाटतें, मनुष्य परतफेडीस निघतो तेव्हां जें हक्क सांगत नाहीं तेंच आधीं परत करतो. गवत करारनामे दाखवीत नाहीं. परंतु एवढ्यावरून पेरणाऱ्यास दांभिक म्हणणें हा उतावीळपणा होय. उन्हांत बीं गोळा करणाऱ्यानें कोणाचें गांव जाळलेलें नाहीं. जाळणारे केव्हांच मेले. लाभ तेवढा राहिला, आणि त्या दिवशीं दोन घटका सुखानें हिंडलेल्या आमच्यासारख्या परक्यांपर्यंतही तो पोंचला.

फाटकाशीं आल्यावर पाहतों तों कोटाच्या बाहीस गवताचें बीं चिकटलेलें. तें आम्ही वेंचून माळावर टाकलें.