वाटेतला विसावा

ज्येष्ठ महिना आमच्या वाशीम जिल्ह्याला मोठ्या गडबडीचा. शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी पातूर सोडून मेडशी, शिरपूर, रिसोड या वाटेने पुढे सेनगाव-औंढ्याकडे जाते, आणि त्याच दिवसांत पाऊस झाला की सोयाबीन-तुरीच्या पेरणीची घाई उठते. एक पाय वारीत आणि एक पाय वावरात, अशी माळकऱ्याची ओढाताण पूर्वीपासूनचीच आहे. अलीकडे काही घरांत तिसरी एक काळजी तिच्यात येऊन मिळाली. मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला असते आणि तिकडची परीक्षा नेमकी आषाढी वारीच्या सुमारास येते. जर्मनीत उन्हाळी सत्राची शिकवणी जुलैच्या मध्यास संपते व त्याच सुमारास परीक्षा सुरू होतात. पूर्वी ही पुण्या-मुंबईच्या सधन घरांची गोष्ट समजत. आता मालेगाव-मंगरुळपीरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातही ती ऐकू येते.

अशाच एका घरचा प्रश्न आमच्यापुढे आला. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. घर माळकरी, पाच एकर जमीन, मुलगा ड्रेस्डेनला पुढच्या शिक्षणासाठी गेलेला. परीक्षेला नऊ दिवस उरले असता शनिवार-रविवार गाठून तो दोघा मित्रांबरोबर प्राग शहर पाहून आला. रेल्वेने अडीच तासांच्या आसपासची वाट. घरी मात्र सांगितले होते की, दोन दिवस वाचनालयातच बसणार आहे, फोन लागणार नाही. मित्राने पुलावरचा फोटो मोबाइलवर टाकला आणि तो फिरत फिरत सोमवारी वावरात येऊन पोचला. चुलते भडकले. “परीक्षा तोंडावर अन् पोरगं फिराले गेलं! इथं आपन बियाण्याच्या थैलीले पैसे पाहून राह्यलो!” आई काही बोलली नाही. पुढे पालखीच्या मुक्कामी चार माणसे बसली असता वडिलांनीच विषय काढला आणि विचारले, “महाराज, ह्याले पाप म्हनावं का?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात फार आहे. आधी चुलत्यांची बाजू पाहू, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळजवळ नसते हे खरे; पण विद्यार्थ्याने वर्षाच्या पोटापाण्याची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. 2024 च्या सप्टेंबरपासून ती 11,904 युरो आहे, म्हणजे आपले अकरा-बारा लाख रुपये. त्यातून दरमहा 992 युरोच हाती येतात. एवढी रक्कम कोरडवाहू घर कोठून आणणार? कर्ज. आणि शिक्षणाचे कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक सामान्यतः तारण मागते. तारण म्हणजे तेच वावर, ज्यात बाप त्या सोमवारी पेरणीला उभा होता. शिवाय तिकडच्या अनेक विद्यापीठांत एकाच विषयात ठरावीक वेळा नापास झाले की त्या शिक्षणक्रमाचे दार कायमचे बंद होते. इतके सगळे पणाला लागले असता दोन दिवस मौजेत घालवणे ही कृतघ्नता नव्हे काय, असे चुलत्यांचे म्हणणे.

परदेशी गेलेला विद्यार्थी आणि मागे ओढगस्तीत राहिलेले घर, ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन 1913 च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, तेथले आरंभीचे काही महिने मित्रमंडळी, खेळ, करमणूक यांत गेले. कोठे बसावे, कोणाबरोबर जेवावे याला प्रथमच कोणाची आडकाठी नव्हती. मग त्यांचे तेच सावध झाले, आणि पुढे अभ्यासाला असे बसले की 1915 मध्ये एम.ए. झाले. नंतर लंडनला असताना ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते दिवसदिवस वाचीत, पोट मारून राहत. इकडे मुंबईत रमाबाईंनी जे सोसले ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा शीर्षभागी तुकोबांचा अभंग घातला, त्या पुरुषाचे उदाहरण वारकऱ्यांच्या मासिकात परके वाटू नये.

मुलांना रागे भरताना लोक या चरित्राचा दुसराच भाग सांगतात, पहिला गाळतात. आम्हांला पहिला भागही मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यावर पाळत ठेवायला कोणी नव्हते. फोन नव्हता, फोटो फिरत नव्हता. सावध करणारा बाहेरून आला नाही. दुसरी गोष्ट, असामान्य माणसाच्या उपासाचे माप घेऊन प्रत्येक पोराचे पोट मोजू नये. त्या उपासाने त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीवर काय बेतले, तेही चरित्रातच आहे.

आता आमच्या संप्रदायाकडे वळू. वारीत विसाव्याला स्थान आहे की नाही? माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, सासवडला दोन करते. रोजच्या चालीत सकाळचा विसावा, दुपारचा विसावा हे ठरलेले. झाडाखाली पाय पसरून, तळव्यांना तेल चोळीत पडलेल्या वारकऱ्याला पाहून, हा पांडुरंगाला फसवतो आहे असे आजवर कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप, जागरण सर्व युक्त असावे असे सांगितले आहे, आणि ज्ञानेश्वरीतही त्या ठिकाणी सगळे मापात ठेवण्याचाच उपदेश आहे. मापात म्हणजे सोडून देणे नव्हे. योग सांगणाऱ्या अध्यायाने विहाराला जागा ठेवली, आणि आपण परीक्षा देणाऱ्या पोराला ठेवू नये?

अखंड हरिनाम सप्ताहाचेच पाहा ना. वीणा खाली ठेवायची नाही हा दंडक. पण वीणेकरी बदलतो. एकाचा पहारा झाला की दुसरा गळ्यात घेतो, पहिला जाऊन घोंगडीवर अंग टाकतो. नेम अखंड आहे. माणसाचे हाडमांस अखंड नाही, हे आमच्या वाडवडिलांना नीट ठाऊक होते. परीक्षेच्या विद्यार्थ्याला मात्र वीणा सोपवायला दुसरा माणूस नसतो. तीन-तीन आठवडे एका खोलीत, एकट्याने, परक्या भाषेच्या देशात बसून पोरांची मने कशी होतात हे ज्यांच्या घरी घडले त्यांना विचारावे. म्हणून दोन दिवस प्रागला जाणे, एवढ्याला पाप म्हणायला आमची जीभ वळत नाही.

कोणी म्हणेल, प्राग म्हणजे काय पंढरपूर आहे? नाही. त्याबद्दल वाद नाही. तरी गंमत म्हणून सांगतो, त्या शहरात जुन्या कचेरीच्या भिंतीवर 1410 सालचे एक घड्याळ आहे. तासातासाला त्यावरचा हाडांचा सांगाडा दोरी ओढून घंटी वाजवतो, शेजारी पैशाची थैली धरलेला कृपण उभा, आणि जगभरचे लोक खाली माना वर करून पाहतात. आमच्या कीर्तनकारांना एखाद्या उत्तररंगाला पुरेल एवढी सामग्री तेथे आहे! पोराने ती पाहिली की नुसता फोटो काढला, ते त्याला ठाऊक.

मग दोष कोठेच नाही काय? आहे, आणि वडिलांनी तो बरोबर धरला होता. चुलते ओरडत होते तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, “गेला तर गेला, सांगितलं काऊन नाही?” विसावा आणि पळ यांतला भेद आम्हांला येथे दिसतो. दिंडी विसाव्याला थांबते तेव्हा सगळ्यांना ठाऊक असते की थांबलो, आणि निघायचे केव्हा हेही ठाऊक असते. पळणारा मात्र थांबल्याचे कोणाला कळू देत नाही, हळूहळू स्वतःलाही कळू देत नाही. या मुलाने परतीचे तिकीट आधीच काढले होते, सोमवारी सकाळी तो पुस्तकापाशी होता; म्हणजे तो पळाला नव्हता. पण वाचनालयाची थाप मारून त्याने आपल्या चांगल्या विसाव्याला चोरीची कळा आणली. प्रागच्या पुलावर उभे असताना ती थाप त्याच्या मनात टोचत नव्हती असे आम्हांला वाटत नाही. मग विश्रांती तरी कसली झाली?

त्याने का लपवले, हेही घराने विचारले पाहिजे. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो, टाळ थांबतात, हरवले-सापडले पुकारले जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. वाजवीतच राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. लाखोंच्या सोहळ्यात एवढी सोय आहे. आपल्या घरात पोराला टाळ वाजवायची सोय आहे काय? “मी थकलो, दोन दिवस जाऊन येतो,” असे त्याने आदल्या शुक्रवारी फोनवर म्हटले असते तर पलीकडून काय ऐकू आले असते? बियाण्याची थैली, बँकेचा हप्ता, शेजारच्या पोराचे गुण! कर्ज काढून शिकवले हे खरे. पण दर फोनला त्याची आठवण देणारा बाप बापपण सोडून सावकाराच्या गादीवर बसतो. सावकाराला कूळ खरे बोलत नाही, हा जगाचा अनुभव आहे. याचा अर्थ खोटे बोलणे क्षम्य ठरले असा कोणी घेऊ नये. लपवणे मुलाचे, आणि लपवावेसे वाटेल असे घर करणे मोठ्यांचे.

वाचक विचारतील, अहो, पण तो पास झाला की नापास? आम्ही ते मुद्दामच लिहीत नाही. पास झाला असे लिहिले तर सगळे म्हणतील, बघा, गेला ते बरेच केले. नापास लिहिले तर म्हणतील, भोगा आता फळ. नऊ दिवसांपैकी दोन दिवस जाणे योग्य की अयोग्य, हे त्या शनिवारी जे होते तेच आहे. निकालाच्या कागदाने ते बदलत नाही. फळावर नजर ठेवून कर्माची किंमत करू नये हे आपण रोज हरिपाठाआधी-नंतर बोलतो, आणि गुणपत्रिका आली की विसरतो.

वडिलांना आम्ही त्या रात्री एक गोष्ट विचारली. पेरणी अर्धी टाकून तुम्ही आज शिरपूर ते रिसोड पालखीबरोबर चालत आलात, ते कसे? ते हसले. म्हणाले, “भावाले सांगून आलो ना.” भाऊ शेजारीच बसले होते, त्यांनी मान हलवली.

तेच ते चुलते. त्यांचे मात्र पूर्ण समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे, वेळेचे राहू द्या, सांगण्याचेही राहू द्या; पण गाडीभाडे, राहणे, खाणे मिळून जे शंभरेक युरो गेले असतील, ते येथल्या मजुराच्या कितीतरी दिवसांच्या घामाइतके होतात, त्याचे काय? हा आक्षेप आम्हांला खोटा वाटत नाही. तिकडे विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची कायद्याने मुभा आहे. 2024 पर्यंत ती 120 दिवसांची होती. पोराने फिरण्याचा खर्च त्या कमाईतून केला असेल तर चुलत्यांनी गप्प राहावे, अडकवलेल्या रकमेतून केला असेल तर हिशेब मागावा. तो त्यांचा हक्क आहे, कारण तारणाच्या कागदावर त्यांचीही सही आहे.