सरोवरावर आधी कोण होते?

तीर्थयात्रा पुण्याची आणि सहल नुसती हौसेची, अशी वाटणी आपण सहज करतो. आपल्या परंपरेला ती मान्य नाही. कार्तिकात आवळीभोजन होते तेव्हा खोडाला सूत गुंडाळतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात आणि तिथेच सावलीत पंगत बसते. त्यात पूजा कुठे संपली आणि मौज कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. भागवतातला कृष्ण यमुनेकाठी सवंगड्यांसह शिदोऱ्या सोडून जेवायला बसतो. आपल्याकडे सप्ताहाची सांगता अजूनही काल्यानेच होते. रानातला आनंद धर्माला कधीच परका नव्हता. धर्माचा प्रश्न उभा राहतो तो पुढे : ज्या जागी आपण आनंद करायला जातो, तिथे आपल्याआधी कोणाचा हक्क आहे?

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नाची दोन उत्तरे लागोपाठ येतात, आणि तो क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. घोषयात्रेत दुर्योधन गुरांच्या मोजदादीचे निमित्त काढून भाऊ, बायका, लवाजमा घेऊन द्वैतवनात जातो; वनवासी पांडवांना आपले वैभव दाखवायचे, हा खरा हेतू. सरोवराकाठी क्रीडेची जागा तयार करायला माणसे पुढे धाडतो, तर तिथे गंधर्वराज चित्रसेन सहपरिवार आधीच उतरलेला. राजा येतो आहे, बाजूला व्हा, असा हुकूम सुटतो. शेवट सर्वांना ठाऊक आहे : दुर्योधन बायकांसकट कैद होतो आणि पांडवांना त्याला सोडवावे लागते. त्यानंतर लगेचच युधिष्ठिराला स्वप्न पडते. द्वैतवनातली हरणे थरथरत समोर उभी राहतात आणि सांगतात, आम्ही आता बीजापुरतेच उरलो आहोत, तुम्ही मुक्काम हलवा. युधिष्ठिर क्षत्रिय होता, शिकार त्याला निषिद्ध नव्हती, आश्रितांना जेवू घालायचे होते. तरी तो सगळा परिवार घेऊन काम्यकवनात निघून जातो.

आजचे द्वैतवन पाहायचे तर पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला जावे. हिरडा, बेहडा, सादडा यांच्या झाडांवर काजवे लखलखतात आणि ते पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात. तो लखलखाट म्हणजे नर-मादीची एकमेकांना साद. गाडीचा दिवा, मोबाइलची विजेरी त्या अंधारावर पडली की ही साद बुजते. काजव्यांचे मोजके दिवस त्यात वाया जातात, आणि पुढची पिढी घडायची ती याच दिवसांत. झाडाखालच्या गवतातले काजवे पायांखाली जातात, ते वेगळेच. चित्रसेनाकडे निदान सैन्य होते.

यावर म्हणता येईल की आठवडाभर राबणाऱ्या कुटुंबाला एक सुट्टी मिळते, तिच्यावर धर्माचे ओझे कशाला? शिवाय प्रवेशाचे पैसे भरलेले असतात. सुट्टीची गरज खरी आहे, आणि लहान मुलांनी काजवे पाहावेत असे मलाही मनापासून वाटते. पण पैसे भरल्याने फार तर सरकारची परवानगी मिळते. देवराईची रीत पाहा. तिथली वाळकी काटकीही कोणी नेत नसे. गावाला लाकडाची नड पडलीच तर देवाला कौल लावत, आणि कौल विरुद्ध गेला तर रिकाम्या हाताने परत फिरत. नकार मिळू शकतो अशा ठिकाणीच विचारण्याला अर्थ असतो. तिकिटाच्या खिडकीवर काजव्यांच्या वतीने नाही म्हणणारे कोणी बसलेले नसते.

याहून जड आक्षेप असा की देवराई राखली ती भीतीने, आणि जिथे देव आहे तिथेच आज गर्दी जास्त. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग आहे आणि शेकरूचे अभयारण्यही. भाविकांचे लोंढे त्या रानाला जड जातातच. हे मी नाकारत नाही. यात्रेचे नाव घेतल्याने कोणाला सूट मिळू नये. दर्शनाला आलेला माणूसही त्या रानात पाहुणाच. भीतीचे म्हणाल तर युधिष्ठिराला हरणांनी शाप दिला नव्हता, धाकही घातला नव्हता. त्यांचे म्हणणे त्याला पटले, एवढेच. आपल्याला तर स्वप्नाचीही वाट पाहायला नको. काजव्यांचे काय होते हे उघड्या डोळ्यांनी दिसते आहे. त्यांच्या मीलनाच्या दिवसांत काही झाडांखाली रात्री कोणीही जाऊ नये, हौशी माणसाने नाही आणि भाविकानेही नाही. युधिष्ठिराचा वनवास काम्यकवनातही चालूच राहिला. आपल्या मुलांनाही दुसरे रान, दुसरे तळे दाखवता येईल.